फिरकीवर उरतं तेवढं

अकरा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि त्यांना आपल्या बायकोचा स्वेटर दिसला. म्हणजे स्वेटर कसला, एक धागा. धागा तरी कसला, पापणीच्या केसाच्या निम्म्याएवढी एक तूस, तपासायला ठेवलेल्या चष्म्याच्या काचेवर, ओरखडे पडू नयेत म्हणून चढवलेल्या लॅकरच्या पारदर्शक थरात कायमची रुतून बसलेली. पण रंग तोच. वांगी. त्या तुसेपासून काचेच्या कडेपर्यंत एक सरळ, फिकट रेघ ओढली गेली होती. अशा रेघेला चष्म्याच्या काचांच्या त्या कारखान्यात सगळे शेपटी म्हणत, आणि गेले तीन आठवडे या शेपट्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. शंभरात दोन काचा नापास व्हायच्या, त्या नऊ व्हायला लागल्या होत्या. साहेबांनी दोनदा आवाज चढवला होता, आणि आज पाच वाजता धुलाईच्या मावशींना बोलावून 'उद्यापासून येऊ नका' असं सांगायचं ठरलं होतं. हिशेब सोपा होता. काच मावशींच्या हातून धुऊन येते, मास्तर तिच्यावर लॅकर चढवतात; थराखाली कचरा सापडला तर तो धुण्यातच राहिला. हे साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं ते दुसऱ्या कुणी नाही, मास्तरांनीच. कागदावर कारण नीट लिहायचं म्हणून साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, एकदा बघून घ्या कचरा कसला आहे, साबणाचा की धुळीचा. मास्तरांनी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तूस तिथेच होती. मग त्यांनी आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. पांढऱ्या कोटाच्या बाहीचं इलास्टिक गेल्या महिन्याभरात सैल पडलं होतं आणि त्यातून स्वेटरची उसवलेली कड बोटभर बाहेर डोकावत होती. त्यांना काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

ते उठून आपल्या जागेवर आले. जागा म्हणजे एक उंच स्टूल आणि समोर फिरकी. फिरकी हे यंत्राचं कारखान्यातलं नाव. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं आणि ते कुणालाच धड म्हणता येत नसे. खोलगट भांडं, मधोमध मुठीएवढी चकती, चकतीवर काच ठेवली की खालून हवा ओढून तिला घट्ट धरायची. काचेच्या मध्यावर लॅकर ओतायचं, पायाखालचं पेडल दाबायचं. चकती गरागरा फिरायला लागली की लॅकर मधून कडेकडे पळत सुटायचं, जादा असेल ते भांड्याच्या भिंतीवर उडायचं, आणि चाळीस सेकंदांनी काचेवर उरायचा तो एक पातळ थर, इतका पातळ की त्याला जाडी आहे हे पटवून द्यावं लागे. चाळीस सेकंदांत मधेच काचेवर रंग फिरून जात, निळसर, पिवळसर, आणि मग सगळं शांत. नंतर दिव्याखाली थर कडक करायचा. मास्तर हे बावीस वर्षं करत होते. नवीन आलेल्या प्रत्येकाला ओतायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. हात स्थिर, मनगट सैल, थेंब तुटू द्यायचा नाही, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, आणि मोजून तेवढंच ओतायचं, असा त्यांचा धडा. शिवाय दारावरची पाटी त्यांच्याच हातची होती: लोकर, अंगठी, घड्याळ, पावडर आत आणू नये. एकदा खुद्द साहेब गळ्यात मफलर घालून आत शिरत होते, तर मास्तरांनी त्यांना दारातच अडवलं होतं. 'लोकर म्हणजे काय, मेंढी,' ते म्हणत, 'मेंढी घेऊन कुणी कामावर येतं का?' आणि सगळे हसत. आता कुणी विचारील, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगावरची मेंढी दिसू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिसत होती. रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ते स्वतःच्या हातांनी पाच बटणं लावत होते. पण ती लोकर आहे हे चौदा महिन्यांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही. खोलीत बाराही महिने एकच गारवा ठेवलेला असे. गार वाटतं, आतून काहीतरी घालायचं, वरून कोट. यापलीकडे त्यांनी विचार केलेला नव्हता.

बायको अंगाने दणकट होती आणि मास्तर म्हणजे फुंकर मारली तर उडतील असे. लग्न झालं तेव्हापासून दोन्हीकडच्या माणसांना हा विषय पुरला. मेहुणी तर तोंडावर म्हणायची, 'भाऊजी, ताईच्या सावलीत उभे राहता, ऊन लागत नसेल.' त्यावर बायकोच सगळ्यात मोठ्याने हसायची. तिचं सगळंच भरपूर होतं. बोलणं भरपूर, भांडणं भरपूर, पाहुणा आला की ताटात एवढं वाढायचं की त्याने हात जोडावेत. लेकीला शाळेत पोचवायला निघाली तर वाटेत चार माणसांची ख्यालीखुशाली विचारून शाळेची घंटा चुकवायची. मास्तर तिच्या मागे मागे बेताने चालत. तिचा स्वेटर त्यांना ढगळ व्हायचा, बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या, तरी गारठ्यात ते कधी कधी तोच अडकवत आणि ती म्हणे, 'घाला, घाला, अर्धा तुम्हाला आणि अर्ध्यात आणखी एक नवरा मावेल.' स्वेटरचं वरून तिसरं बटण वेगळं होतं. मूळचं कुठे तरी पडलं आणि तिने एका जुन्या कोटाचं तपकिरी, मोठं बटण लावून टाकलं होतं. हा स्वेटर कारखान्यात कसा आला ते सांगायचं तर तो दिवस सांगावा लागतो, आणि तो दिवस मास्तरांना नीट आठवत नसे. तिच्या फुप्फुसांनी हात टेकले होते, दवाखान्यात अकरा दिवस झाले होते. सकाळी पावणेनऊला ती गेली. नर्सने कपड्यांची पिशवी हातात दिली. लेक दूरच्या गावी, तिला पोचायला संध्याकाळ होणार. कागदपत्रं व्हायला संध्याकाळ होणार. मधल्या वेळात माणसाने काय करायचं असतं? मास्तरांनी दवाखान्यासमोरच्या बाकावर थोडा वेळ बसून पाहिलं. मग दुपारची पाळी होती म्हणून ते बस धरून कामावर गेले. त्यांना गार वाटत होतं, पिशवीत स्वेटर होता, तो घातला, वरून कोट घातला. त्या दिवशीचं पुढचं त्यांना एवढंच आठवे: एकशे चाळीस काचा झाल्या, एकही नापास झाली नाही.

ही गोष्ट बाहेर फुटायला कितीसा वेळ लागतो. बायको तिकडे गार पडलीय आणि हा इकडे काचा रंगवतोय, असं लोक बोलले. मेहुणीने तर सगळ्यांदेखत विचारलं, 'भाऊजी, तुम्ही माणूस आहात की धोंडा?' मास्तरांना राग आला नाही. प्रश्न रास्त होता, आणि त्यांच्यापाशी त्याचं उत्तर होतं. एकशे चाळीस काचा, एकही नापास नाही. ज्याची बायको सकाळी जाते आणि ज्याचा हात दुपारी हलत नाही, तो धोंडाच. हे ते कुणाला बोलले नाहीत, पण आपल्यापुरता त्यांनी निकाल लावून टाकला होता. नंतरही कुठे काय झालं? लेक आली, गळ्यात पडून रडली, त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. महिन्याभराने तिने आईचं कपाट उघडलं आणि एकेक वस्तू हातात धरून विचारत बसली, 'बाबा, हे ठेवायचं का?' ते म्हणाले, 'घेऊन जा.' 'आणि हे?' 'ते पण ने.' 'सगळंच कसं नेऊ? तुम्हाला काहीतरी नको का?' 'मला काय करायचंय.' कपाट रिकामं झालं, त्यात त्यांनी जुने पेपर ठेवले. घरात तिचं म्हणून काही उरलं नाही. स्वेटर घरी नव्हताच. तो कारखान्यात, कपडे बदलायच्या खोलीतल्या खुंटीवर लटकत होता. चौदा महिन्यांत तो धुतला गेला नव्हता. धुणं घरी होई, आणि हा घरी जात नसे. सकाळी घातला की काही वाटायचं नाही. पण दहा-अकरा वाजता अंग तापलं की गळ्याशी बामचा वास यायचा. शेवटी शेवटी ती गळ्याला आणि छातीला बाम चोळत असे. मास्तर मुद्दाम कधी नाक लावायला गेले नाहीत. वास आपला यायचा आणि ते पुढची काच चकतीवर ठेवायचे.

चार वर्षांपूर्वी कारखान्यात एक इंजिनिअर आला होता, वर्षभर राहिला आणि गेला. त्याने एक दिवस मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं, 'मास्तर, तुम्ही उगाच मोजून ओतता. चमचाभर ओता नाहीतर दहा चमचे ओता, शेवटी काचेवर राहणार तेवढंच. किती उरायचं ते लॅकर किती दाट आहे, चकती किती जोरात फिरते आणि किती वेळ फिरते, यावर ठरतं. ओतणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. सगळी काच भिजली, बुडबुडा आला नाही, की झालं.' मास्तरांना ओतायला लागून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. 'ओतणाऱ्याचा संबंध नाही?' ते म्हणाले. 'करून बघा,' इंजिनिअर म्हणाला, 'आत्ता दाखवतो.' 'माझ्या फिरकीला हात लावायचा नाही,' मास्तर म्हणाले, आणि विषय संपला. त्यांनी ते कधीच करून पाहिलं नाही. घरी येऊन मात्र बायकोला सांगितलं, ती आपली बाजू घेईल या आशेने. ती पाय पसरून बसली होती. म्हणाली, 'मग जास्तीचं ओतलेलं जातं कुठे?' 'भांड्याच्या भिंतीवर.' 'म्हणजे वायाच की.' 'वाया नाही, खाली गोळा होतं. गाळून परत वापरतात.' 'मग बिघडलं कुठे?' ती म्हणाली, 'ओता की हवं तेवढं. तुम्ही म्हणजे जन्मभर मोजून ओतत आलात. माझ्याशी बोलतानासुद्धा.' आणि हसली. ते तिचं नेहमीचं हसणं होतं, पण त्या दिवशी हसून झाल्यावर तिने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले होते. आपण तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं का, हे मास्तरांना आता, स्टुलावर बसल्या बसल्या, सुचलं.

दुपारच्या सुट्टीत मावशी त्यांच्या समोर येऊन बसल्या. मावशी नावालाच, वयाने मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. अकरा वर्षं त्या काचा धूत होत्या. एकेक काच सात पाण्यांतून काढायची, पहिली दोन साबणाची, शेवटचं कढत. हात कोपरापर्यंत पांढरेफटक पडलेले. डबा उघडून त्यांनी पुढ्यात ठेवला आणि झाकणाशीच खेळत बसल्या. 'मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारते. मला काढतायत ना?' मास्तर म्हणाले, 'जेवा आधी.' 'जेवण कुठलं घशाखाली उतरतंय. मी आता आठ पाण्यांतून काढते हो. तरी शेपटी! झोपेत हात चोळत असते म्हणे, आमचे हे उठवतात, म्हणतात, अगं सोड ती काच.' त्या हसायला गेल्या, जमलं नाही. 'चूक माझीच असणार. डोळे गेलेत माझे. मला वाटतं काच स्वच्छ आहे आणि ती नसते. अकरा वर्षांत तुम्ही मला एक शब्द कधी बोलला नाहीत, आणि आता तुम्हीच म्हणालात धुण्यात राहतंय, तर राहतच असेल.' त्यांनी डोळ्यांसमोर बोटं धरून पाहिली, जणू बोटं किती दिसतात ते मोजत होत्या. मास्तरांच्या कोटाच्या आत बामचा वास यायला लागला होता. काय ते सगळं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. तोंड उघडलं की स्वेटर काढावा लागणार. आणि तोंड उघडलं नाही तरी उद्यापासून काढावा लागणारच, कारण आता कळलंय. पण मग तो गुपचूप घरी नेता येईल, पिशवीत घालून कपाटात ठेवता येईल. शेपट्या बंद होतील, आणि बंद झाल्या की लोक म्हणतील, बघा, मावशी गेल्या आणि काचा सुधारल्या. कुणाला कधी पत्ता लागणार नाही. मावशी मात्र उरलेला जन्म आपले डोळे गेले असं समजून काढतील. मास्तरांनी एवढा विचार केला आणि छातीत काही हलतं का याची वाट पाहिली. काही हलेना. न हलताच काय करायचं ते करावं लागणार होतं. 'डोळे चांगले आहेत तुमचे,' ते म्हणाले. आपला डबा तसाच बंद करून उठले.

साहेब फोनवर होते. मास्तर उभे राहिले. फोन संपल्यावर म्हणाले, 'कचरा माझा आहे. मी आतून लोकरीचा स्वेटर घालतो. मायक्रोस्कोपखाली तूस आहे, तिचा रंग आणि याचा रंग एकच.' आणि बाहीची कड बाहेर ओढून दाखवली. साहेबांनी कडेकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे. 'बसा,' ते म्हणाले. 'मास्तर, तुमचं मन मोठं आहे, कबूल. मावशींचं मलाही वाईट वाटतं. पण म्हणून दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायचं नसतं.' 'पाप नाही, लोकर आहे.' 'अहो, तुम्ही आणि लोकर? मला मफलर काढायला लावणारे तुम्ही! कुणाला सांगताय?' 'चला, दाखवतो,' मास्तर म्हणाले. फिरकीपाशी तपासणीच्या बाईही येऊन उभ्या राहिल्या. कारखान्यातली प्रत्येक काच दिव्यासमोर धरून पास की नापास ते त्या सांगत, आणि त्यांच्या शब्दावर साहेबसुद्धा बोलत नसत. मास्तरांनी धुतलेली काच चकतीवर ठेवली, मोजून लॅकर ओतलं, कोटाची बाही वर सरकवली आणि स्वेटरची कड ओल्या काचेवर हलकेच झटकली. पेडल दाबलं. चाळीस सेकंद चकती फिरली. थर कडक झाल्यावर बाईंनी काच दिव्यासमोर धरली आणि म्हणाल्या, 'चार शेपट्या.' 'अरेच्चा,' साहेब म्हणाले. मग त्यांना संताप आला, आणि तो रास्त होता. 'तीन आठवडे! तीन आठवडे मी मावशींना धारेवर धरलं! आणि तुम्ही चक्क माझ्यासमोर बसून सांगितलंत, धुण्यात राहतंय म्हणून! काढा. आधी काढा ते अंगातलं, इथल्या इथे.' मास्तरांनी कोट काढला. मग एकेक बटण काढायला लागले. तिसरं, तपकिरी, भोकाच्या मानाने मोठं होतं, त्याला वेळ लागला. बाईंनी का कोण जाणे तोंड फिरवलं. साहेबांनी प्लास्टिकची पिशवी दोन बोटांनी उघडी धरली, मास्तरांनी स्वेटर तीत ठेवला. 'बाहेर खुंटीवर लटकवा. पुन्हा आत दिसला तर तुमची बावीस वर्षं मी बघणार नाही,' साहेब म्हणाले, आणि जाता जाता दारातूनच धुलाईकडे ओरडले, 'मावशी, तुमचं काही नाही, कामाला लागा! कचरा मास्तरांच्या स्वेटरचा निघाला!' बाईंनी चार शेपट्यांच्या काचेवर लाल फुली मारली आणि ती भंगाराच्या पेटीत टाकली. भंगाराची पेटी चार वाजता जाते, तशी ती गेली.

नुसत्या शर्टावर कोट घालून मास्तर पुन्हा स्टुलावर बसले. गार लागत होतं. पण निव्वळ गार. त्यात दुसरं काही नव्हतं. एका माणसाचं पोट वाचलं होतं, आपली अब्रू गेली होती, आणि दोन्ही गोष्टी दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा दुरून कळत होत्या. संध्याकाळी पिशवी उचलायची, घरी न्यायची, कपाटातले पेपर काढायचे. लेकीला फोन करून सांगावं का, की आईचा एक स्वेटर राहिलाय, असा विचार आला. ती विचारील, कुठे होता इतके दिवस? काय सांगायचं? एकेक काच होत गेली. अकरानंतर गळ्याशी येणारा वास आज तीननंतर आलाच नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं. पावणेपाचला ट्रेमध्ये एकच काच उरली.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. धुलाईची खोली आणि फिरकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक बंद काचेची खिडकी होती, खाली ट्रे सरकवायला फट. पलीकडे मावशी उभ्या होत्या, चेहरा नुसता फुललेला, डोळे रडून लाल. फटीपाशी वाकून त्या बोलायला लागल्या. 'मास्तर, इकडे बघा तरी! तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, साहेबांची बोलणी खाल्लीत. म्हटलं, मी काय करू शकते? मला धुण्याशिवाय येतं काय? तो कचरा खुंटीवर लटकवून ठेवला होता, मला बघवेना. सात पाण्यांतून काढलाय. शेवटचं अगदी उकळतं. वाळवणीच्या कपाटात तासभर ठेवला. आता त्याची एक तूस निघू दे, नाव बदलीन!' आणि त्यांनी काहीतरी वर धरलं. मास्तरांना आधी कळलंच नाही ते काय आहे. वांगी रंगाचं, जाड, घट्ट, पुठ्ठ्यासारखं ताठ, चार वर्षांच्या पोरीला येईल एवढं. बाह्या वीतभर. बटणं मात्र तेवढीच राहिली होती, त्यामुळे ती भली मोठी दिसत होती, आणि त्यांत तिसरं, तपकिरी, सगळ्यात मोठं. 'थोडा आटला का हो?' मावशींचा आवाज एकदम बारीक झाला. 'मला लोकरीचं काही कळत नाही. बिघडवला का मी?' मास्तर म्हणाले, 'नाही, नाही. छान झालाय. स्वच्छ झालाय. राहू दे तिकडेच, जाताना नेतो.' मावशींनी नाकाला पदरासारखी कोटाची कड लावली आणि मान हलवली. 'देव तुमचं भलं करो,' त्या म्हणाल्या.

मास्तर वळले. शेवटची काच उचलली, चकतीवर ठेवली. लॅकरचं नळकांडं हातात घेतलं आणि त्यांना दिसलं, आपला हात हलतोय. थोडाथोडका नव्हे, कोपरापासून. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. ओतायला गेले तर पहिली धार चकतीच्या बाहेर, भांड्यात. दुसरी काचेवर पडली पण थांबेचना. मोजून ओतायचं त्याच्या चौपट, पाचपट ओतलं गेलं, काचेवरून ओघळलं, त्यांच्या मनगटावर आलं, कोटावर, बुटांवर टपटप पडलं. थांबवावं असं वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं. कसंबसं पेडल दाबलं. फिरकी फिरली. जादा होतं ते सगळं भिंतीवर उडालं, रंग आले, गेले, आणि चाळीस सेकंदांनी सगळं शांत झालं. थर कडक करून ते काच घेऊन तपासणीच्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले. बाईंनी काच दिव्यासमोर धरली, फिरवली, तिरकी केली. 'पास,' त्या म्हणाल्या.

'नीट बघा,' मास्तर म्हणाले.

'बघितलं. अगदी नेहमीसारखी आहे.' मग बाईंची नजर त्यांच्या कोटावर गेली, तिथून खाली बुटांवर. 'अगंबाई. थांबा, फडकं देते. हे लगेच पुसायला हवं, नाहीतर मागच्यासारखं चिकटून बसेल.'

'मागच्यासारखं म्हणजे? कधी?'

बाईंनी फडक्याची घडी उलगडून पुन्हा घातली. 'त्या दिवशी हो. तुम्ही दवाखान्यातून सरळ इकडे आला होतात तेव्हा. आत्ता जसा हलतोय तसाच हलत होता तुमचा हात, पाळी संपेपर्यंत. छातीपासून बुटांपर्यंत नुसतं लॅकर. फिरकीच्या भोवती तर तळं झालं होतं, तुम्ही त्यात उभे राहून ओतत होतात. तुम्ही गेल्यावर मी आणि मावशींनी गुडघ्यांवर बसून फरशी खरवडली. दोन तास लागले.'

'मला कुणी बोललं नाही,' मास्तर म्हणाले.

'बोलायचं काय, मास्तर?' बाई म्हणाल्या. 'काचा तर सगळ्या पास होत्या.'

मास्तरांनी फडकं घेतलं. बूट पुसायला म्हणून ते खाली वाकले, मग गुडघ्यांवर बसले, आणि तिथेच, फडकं तोंडाशी धरून, मोठमोठ्याने रडायला लागले.